वळणावरची मळी

नद्यांना अजून नावं पडली नव्हती, त्या काळची ही गोष्ट. एका सकाळी थोरला भाऊ अंगणात बैलासाठी दावं वळत बसला होता. बायको ताक घुसळत होती. रोजच्यासारखीच सकाळ होती. एवढ्यात पैलतीरावरून नावाडी आला.

"थोरले, धाकट्यांनी अंथरूण धरलंय. दादाला एकदा बघायचंय म्हणतात."

थोरल्याचे हात थांबले नाहीत. "त्याला म्हणावं, आधी माझी मळी परत दे."

बापाने दोघांची वाटणी सोपी करून ठेवली होती. नदी हीच शीव. अलीकडचं रान थोरल्याचं, पलीकडचं धाकट्याचं. पण त्या जागी नदीला वळण होतं. थोरल्याच्या काठावर धार जोराने आपटे आणि दर पावसाळ्यात काठ ढासळे. समोर पाणी संथ होई आणि गाळ टाकून जाई. वर्षामागून वर्षं गेली. थोरल्याचं रान आक्रसत गेलं, पलीकडे काळीभोर मळी वाढत गेली. धाकटा तीत कलिंगडं लावी. ती पाहून थोरला म्हणे, "माझ्या मातीवर पोसतोय."

एकदा धाकट्याने पलीकडून ओरडून सांगितलं होतं, "दादा, भांडायचं तर नदीशी भांड की! मी काय घमेली घेऊन आलो होतो?" नावेतली माणसं हसली. ते हसू थोरल्याला लागलं. त्या दिवसापासून त्याने बोलणं टाकलं.

"अहो, जाऊन या," बायको म्हणाली. "नदीला काय भाऊबंदकी कळते?"

"आत्ता गेलो तर मी मळी सोडली असं होईल."

नावाडी घुटमळला. "आभाळ भरलंय, थोरले. पाणी चढलं की नाव घालता यायची नाही."

"मग पाणी उतरल्यावर बघू."

पाणी चढलं ते उतरेचना. वरच्या अंगाला डोंगराचा कडा कोसळून पात्रात आला. नदीने आपलं जुनं वळण सोडलं आणि ती पलीकडच्या काठाला भिडली. पूर ओसरला तेव्हा थोरल्याच्या रानाला लागून गाळाची नवी जमीन पसरली होती. गेली होती त्याहून मोठी.

थोरला घोटाभर चिखलात उतरला. त्याने मूठभर माती उचलली आणि बायकोला हाक मारली, "अगं, बघ! आली की नाही परत?"

तेवढ्यात नाव काठाला लागली. नावाडी खाली उतरला.

"धाकटे गेले. पुरातच. तिकडेच सगळं उरकावं लागलं."

थोरल्याने विचारलं, "शेवटी काही म्हणाला?"

"सारखं एकच विचारत होते. पाणी उतरलं का?"

थोरल्याने माती होती तिथे ठेवून दिली.

नदी पुढेही तशीच वाहत राहिली. डोंगर झिजवत, एक काठ मोडत, दुसरा घडवत. तिला कसलीच घाई नव्हती. थोरल्याला वाटलं होतं, आपल्यालाही नाही.

जमिनीची वाट पाहता येते, कारण ती नदीच्या पावलांनी चालते. आपल्या माणसाचा निरोप आला, तर मात्र त्याच दिवशी निघावं.

त्या साली थोरल्याने मळी पेरली नाही.