‘जाते’ म्हणालेल्या लेकीची कहाणी

ऐक गं सांजवाती, तुझी कहाणी. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथं महादेवाचा एक गुरव होता, धोंडजी त्याचं नाव. बायको कधीच वारली होती. भाऊ एक, भावजय एक, बालविधवा बहीण एक, पोरांचा गोतावळा, आणि सगळ्यांची चूल एकच. धोंडजीचा एक नेम होता. दिवेलागण झाली की देवापुढं वात लावावी, उंबऱ्यात उभं राहावं, एकेकाचं नाव घेऊन "आलास का रे? आलीस का गं?" असं विचारावं. सगळ्यांनी ओ दिली की मगच ताटावर बसावं. लेक येसू सासरी होती. तिच्या नावाला आत्यानं ओ द्यावी, "येतेय, येतेय."

एके साली येसू माहेरपणाला आली. निघताना काकीनं ओटी भरली. येसूनं खण उलगडून बघितला, तर काय! गेल्या साली तिनंच काकीला दिलेला खण! हसता काय गं? तुमच्याही पेटीत असले फिरते खण आहेत. येसूचं डोकं फिरलं. "माझाच खण मला? इतकी का मी नकोशी झाले?" काकीचा चेहरा उतरला. येसूनं खण उंबऱ्यावर टाकला अन् म्हणाली, "जाते मी."

बाप म्हणाला, "बाळे, येते म्हण." ती उंबरा ओलांडून गेली. मग पायरीवर येऊन म्हणाला, "येते म्हण." ती अंगणातून बाहेर पडली. मग वेशीपर्यंत धावला, "अगं, येते म्हण!" तिनं मागं वळून बघितलं नाही.

एक साल गेलं, दुसरं गेलं, तिसरं गेलं. राग कधीच निवला होता, पण जायचं कुठल्या तोंडानं? मग माहेरगावी पटकीची साथ आली. येसूच्या कानी आलं, ती उठली ती तशीच धावली. घर उघडं, आत एकटी आत्या बसलेली.

"बाबा कुठं?" "गेला." "काका?" "गेला." "काकी? पोरं?" आत्यानं नुसती मान हलवली.

मग आत्या बोलली, "तुझा बाप गेला त्या दिवशीही उंबऱ्यात बसून विचारलंन्, येसू, आलीस का गं? मी म्हटलं, येतेय. खोटं बोलले गं मी! आणि तो खण काकीनं न शिवता जपलान्. तुला रिती पाठवायची नव्हती, घरात दुसरा धड खण नव्हता, म्हणून तोच घातलान्."

येसूनं ऊर बडवला, रडरड रडली. आत्यानं देव्हाऱ्यातून तोच खण काढला. बापानं ठेवला होता, लेक आली की ओटी भरायला. पण भरणार कोण? घरात सवाष्ण उरली नव्हती. येसूनं पदर पसरला, "तू भर."

"मी कशी भरू? मला विधवेला हक्क नाही."

"तुझ्याशिवाय माहेरी मला कोण उरलंय गं?"

आत्यानं ओटी भरली. मग दिवेलागण झाली. येसूनं वात लावली, उंबऱ्यात उभी राहिली. "बाबा, आलात का?" कोणी ओ दिली नाही. "काका, आलात का?" कोणी ओ दिली नाही. "काकी, आलीस का गं?" कोणी ओ दिली नाही.

मग आतून आत्यानं विचारलं, "येसू, आलीस का गं?"

"आले, आत्या." पण ज्याला ऐकायचं होतं, तो नव्हता.

पुढं आत्याही गेली. येसूनं सासरीही बापाचा वसा टाकला नाही. रोज सांजेला सगळ्यांची नावं घ्यावी, उंबऱ्यात थोडं थांबावं, मग जेवावं.

सांजवाती, तिला झाला तसा उशीर आम्हां बायाबापड्यांना होऊ देऊ नको. निघताना येते म्हणू दे, हाक मारणारं माणूस आहे तोवर ओ देऊ दे. ही दिवेलागणीची कहाणी, वात जळते आहे तोवर, देवापाशी संपूर्ण.