छोट्या शब्दांचा जावई

ओढ्याच्या दोन्ही काठांवर पसरलेल्या एका गावात केरबा नावाचा एक भोळा टेम्पोवाला होता. जे सांगाल ते तो करायचा. अडचण एवढीच, की तेवढंच करायचा. एकदा पाटणे सरांच्या कुमुदनं त्याला तालुक्याच्या दवाखान्याबाहेर सांगितलं, "इथून हलू नका." मग ती मागच्या दारानं बाहेर पडली, एस.टी.नं घरी आली आणि विसरून गेली. केरबा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिथंच उभा होता. शब्दाला इतका जागणारा माणूस कुमुदनं पाहिला नव्हता. लग्न करीन तर ह्याच्याशीच, असं तिनं घरी सांगून टाकलं.

पाटणे सर इंग्रजीचे निवृत्त शिक्षक. शाळा सुटली, पण खिशातलं लाल पेन सुटलं नव्हतं. त्यांचं म्हणणं, मोठे शब्द कुणीही पाठ करतो, माणूस ओळखावा तो छोट्या शब्दांवरून. ऑन कुठं, फॉर कुठं, टू कुठं, हे ज्याला कळलं त्याला इंग्रजी कळलं, आणि ज्याला इंग्रजी कळलं त्याला सगळंच कळलं. त्यांनी केरबाला अट घातली. चार वाक्यं, चार छोटे शब्द. तीन तुळशीच्या लग्नाआधी, चौथं पाठवणीच्या वेळी, सगळ्यांसमोर. चुकला तर मुलगी टेम्पोत बसणार नाही. तालुक्याला इंग्रजीचे क्लास चालवणारा प्रज्वल सर कुमुदशी लग्न करायला तयारच होता.

पहिलं वाक्य अभिनंदनाचं. काँग्रॅच्युलेशन्सच्या मागं ऑन लावायचं आणि भेटेल त्याला म्हणायचं, म्हणजे ते जिभेवर बसेल, असं सरांनी सांगितलं.

भेटला येसू कुंभार. त्या सकाळी त्याची अख्खी भट्टी ढासळली होती आणि तो खापरांच्या ढिगात डोकं धरून बसला होता. केरबा त्याच्यासमोर नीट उभा राहिला आणि म्हणाला, "काँग्रॅच्युलेशन्स ऑन युवर पॉट्स."

येसूला इंग्रजी येत नव्हतं, पण काँग्रॅच्युलेशन्स कळत होतं. निवडणुकीनंतर गावभर त्याचेच बोर्ड लागतात. त्यानं हाताला आलं ते खापर भिरकावलं. केरबा टेंगूळ घेऊन सरांकडं गेला.

"फॉर म्हणालास की ऑन?"

"ऑन, सर."

"मग त्यानं मारलं का?"

"मडकी फुटली होती."

"ते मडक्यांचं झालं. वाक्याला काही झालेलं नाही," सर म्हणाले आणि त्यांनी वहीत बरोबरची खूण केली. मग दुसरं वाक्य दिलं. कुणाचं नुकसान झालं की म्हणायचं, सॉरी फॉर युवर लॉस.

दुसऱ्या दिवशी सरपंच मालूताईंच्या नातवाचं बारसं होतं. काल आनंद दाखवला म्हणून खापर बसलं, आज ती चूक नको, असं केरबानं ठरवलं. तो पाळण्यापाशी गेला, मान खाली घातली आणि म्हणाला, "सॉरी टू युवर लॉस." बाळाची आत्या कॉलेजात शिकत होती. तिनं अर्थ सांगितला. बायकांनी मूठमूठ घुगऱ्या फेकून त्याला हाकललं.

हे ऐकून सरांनी कपाळाला हात लावला. आता तरी आबांच्या लक्षात आलं, असं कुमुदला वाटलं.

"टू?" सर म्हणाले. "भरल्या बारशात टू म्हणालास? गावात मी तोंड कसं दाखवू?"

मग त्यांनी त्याला नियम घालून दिला. चूक झाली की परत जायचं आणि पहिल्यापासून नीट करायचं. केरबा परत गेला, पाळण्यापाशी मान खाली घालून उभा राहिला आणि या वेळी फॉर म्हणाला. आता घुगऱ्यांचं पातेलंच आलं. सरांनी दुसरी खूण केली.

"आबा, बारशाला असं म्हणतात का?" कुमुदनं विचारलं.

"वाक्यात चूक कुठं आहे, ते दाखव."



पातेलं फेकताना मालूताई ओरडल्या होत्या, की घरात नवीन माणूस आलं की 'या' म्हणावं. केरबानं ते सरांना सांगितलं. सरांनी तिसरं वाक्य दिलं. वेलकम टू अवर हाउस.

पुढचं नवीन माणूस आलं ते सरांच्याच दारात. प्रज्वल सर, पांढराशुभ्र शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा, कुमुदला बघायला. केरबा दाराशी होता. "वेलकम टू अवर हाउस," तो म्हणाला, आणि प्रज्वलला हाताला धरून आत नेलं, चांगल्या खुर्चीवर बसवलं, पोहेही आणून दिले. कुमुदनं आतून ज्या नजरेनं बघितलं, तिनं दूध नासलं असतं. सरांनी मात्र तिसरी खूण केली.

प्रज्वलनं छाप पाडायला सरळ इंग्रजी काढलं. "सर, आय वॉन्ट टू मॅरी विथ युवर डॉटर."

सरांचा घास हातातच राहिला. मॅरीच्या मागं विथ लावणारा माणूस आपल्या घरात पोहे खातोय, हे त्यांना सोसवेना. त्यांनी त्याच्याकडून ते वाक्य विथशिवाय दहा वेळा लिहून घेतलं आणि पेढ्यांसकट परत पाठवलं. केरबाचं लग्न ठरलं.

लग्न लागलं. चौथं वाक्य होतं, थँक यू फॉर युवर डॉटर. केरबा ते महिनाभर घोकत होता. कुमुद टेम्पोत बसली आणि सर एकदम रडायला लागले. कधी न रडणारा माणूस, चष्मा नाकावरून घसरला. केरबाच्या डोक्यातून वाक्य गेलं. त्यानं सरांचे हात हातात घेतले आणि हळूच म्हणाला, "सर, सॉरी टू युवर लॉस."

बायकांनी डोळ्यांना पदर लावला. केरबा पहिल्यांदाच बरोबर जागी बोलला होता.

सरांचे डोळे कोरडे झाले.

"टू?" त्यांनी लाल पेन काढलं. "कुमुद, उतर खाली."

कुमुद उतरली नाही.

"चूक झाली की काय करायचं?" सरांनी केरबाला विचारलं.

"परत जायचं आणि पहिल्यापासून नीट करायचं."

"मग कर."

पहिल्यापासून म्हणजे येसूपासून. बोहल्याच्या चार कोपऱ्यांना येसूनं रंगवून दिलेल्या मडक्यांच्या चार उतरंडी होत्या. त्या दिवशी मडकी फुटलेली होती, ही धड होती. केरबानं चारही उतरंडी ढकलून दिल्या. मग जेवणाच्या पंगतीत येसूसमोर जाऊन म्हणाला, "काँग्रॅच्युलेशन्स ऑन युवर पॉट्स." येसूच्या हातातली जिलबी पानात पडली. तिथून केरबा मालूताईंच्या नातवाकडं गेला, मांडवातच झोपलेल्या पोराला उठवलं आणि त्याला सॉरी म्हणाला.

तिसऱ्या वाक्याला प्रज्वल सर हवा होता. तो तालुक्याला होता. केरबानं टेम्पो सुरू केला.

"अहो, आपलं घर डावीकडं," कुमुद म्हणाली.

"आधी प्रज्वल सर," केरबा म्हणाला आणि उजवीकडं वळला.

तासाभरानं टेम्पो परत आला. एका बाजूला केरबा, दुसऱ्या बाजूला मुंडावळ्या बांधलेली कुमुद, मध्ये प्रज्वल. केरबानं त्याला सरांच्या दारात उतरवला. "वेलकम टू अवर हाउस." मग सरांपुढं येऊन हात जोडले. "सॉरी फॉर युवर लॉस."

सरांनी मांडवभर पडलेली खापरं पाहिली. अजून भोकाड पसरलेलं पोर पाहिलं. नवरीच्या टेम्पोतून उतरलेला प्रज्वल पाहिला.

"फॉर," सर म्हणाले. "शब्द बरोबर. चारपैकी चार."

येसू कुंभार एक खापर हातात घेऊन पुढं आला. "काँग्रॅच्युलेशन्स, सर."

"अर्धवट आहे," सर म्हणाले. "पुढं ऑन पाहिजे."

येसूनं केरबाकडं पाहिलं. केरबा प्रज्वलचा हात धरून त्याला चांगल्या खुर्चीकडं नेत होता.

"काँग्रॅच्युलेशन्स ऑन युवर जावई," येसू म्हणाला.

"आता बरोबर," सर म्हणाले, आणि वही जवळ नव्हती म्हणून त्यांनी येसूच्या हातातल्या खापरावरच लाल खूण केली.