खालून निरोप आला नाही

फार वर्षांपूर्वी पाटाच्या कडेला मुंग्यांचं वारूळ होतं. काम अडलं तरच निरोप परत पाठवायचा, असा तिथला रिवाज होता.

पाटाला पाणी सुटायच्या दिवशी राणीने एका मुंगीला खाली धाडलं, "तळातली अंडी वर आणायला सांग." बराच वेळ खालून काहीच आलं नाही.

"म्हणजे झालं काम, राणीबाई," दारावरची मुंगी म्हणाली.

तिथल्या एका म्हाताऱ्या मुंगीला मात्र ते पटलं नाही. "अगं, पण झालं असं कोण म्हणालं?"

ती खाली उतरली. वाट ढासळली होती. निरोप नेणारी मुंगी मातीखाली मरून पडली होती. पलीकडे अंडी तशीच होती आणि भिंत ओली होत होती. म्हातारी जिवाच्या आकांताने ओरडली. सगळ्या धावल्या, म्हणून अंडी वाचली.

आता काम झालं तरी मुंगी परत येऊन सांगते. ती येईपर्यंत राणी दारातून हलत नाही.