पेरूज केले, मान्य केले

विषय : टंकलेखिका कुमुदिनी रेवाळे यांचा देवरुख येथे बदली मिळण्याबाबतचा अर्ज.

उपरोक्त अर्ज अधीक्षक घारपुरे यांनी दोनदा परत केला, कारण त्यात 'कृपया वाचावा' असे लिहिले होते.

"बाई, साहेबलोक वाचत नसतात, पेरूज करतात! म्हणजे वरवर नजर टाकतात. जरा इंग्रजी शिका!"

देवरुखात नवरा चार वर्षे एकटाच वाकड्यातिकड्या भाकऱ्या थापत होता, म्हणून बाईंनी वाद न घालता अर्ज परत घेतला. घरी त्यांनी शब्दकोश उघडला. पेरूज म्हणजे बारकाईने वाचणे.

तिसऱ्या अर्जात त्यांनी 'कृपया पेरूज करावा' असे लिहिले आणि मधोमध एक वाक्य घातले : 'अधीक्षकांना पेरूज शब्दाचा अर्थ ठाऊक नाही.' घारपुरे साहेबांनी सवयीने वरवर नजर टाकून खाली शेरा मारला, 'पेरूज्ड अँड अ‍ॅग्रीड', आणि सही ठोकली.

आस्थापना शाखेत अर्ज मोठ्याने वाचला गेला आणि कचेरीभर हशा पिकला. साहेब कडाडले, "मी ते वाक्य वाचलेलंच नाही!"

"वाचलं असेल तर तुम्ही मान्य केलंय, साहेब," बाई म्हणाल्या, "आणि नसेल वाचलं, तर सिद्ध केलंय."

साहेबांनी शेरा खोडला, चष्मा लावला आणि अर्ज नव्याने, बारकाईने वाचायला घेतला. त्याला दोन महिने झाले. साहेब सध्या दुसऱ्या परिच्छेदावर आहेत. देवरुखच्या भाकऱ्या आता गोल होऊ लागल्या आहेत. अर्ज प्रलंबित आहे.