सतरा घरांची पेज

त्या दिवशी वारा पडला होता. होळीची राख अजून चौकातच पडून होती, पण ऊन मात्र वैशाखातलं. आभाळ धुळीनं मळकट झालं होतं, झाडाचं पान हलत नव्हतं, आणि तलावाच्या तळाची माती तडकून तिच्या खपल्या उभ्या राहिल्या होत्या. अशा दिवशी सावरबोडीच्या लटारू ढिवरानं पहिल्यांदा दुसऱ्याच्या घरची पेज तोंडाला लावली, असं म्हणतात.

किती वर्षं झाली ते मला विचारू नका. तेव्हा गावात सतरा घरं होती एवढं सांगतात. आता दोनशे आहेत, त्यावरून काय तो अंदाज बांधा.

लटारू तलावावर डोंगा चालवायचा. गाव तलावाच्या अलीकडं आणि धानाच्या बांध्या, म्हणजे भातशेतं, पलीकडं, म्हणून पावसाळाभर सारं गाव त्याच्या डोंग्यातून जायचं यायचं. तो हातात बांबू घेऊन डोंग्याच्या टोकावर उभा राहायचा. डोंग्यात बसलेला त्याला कोणी पाहिला नाही. असं म्हणतात, तो डोंग्यात पाय रोवून उभा राहिला की वादळातसुद्धा डोंगा हलत नसे, आणि म्हाताऱ्या बाया पाण्याला भ्यायल्या की त्याच्या पोटऱ्यांकडं बघत बसायच्या, म्हणजे भीती जायची.

मग तीन वर्षं पाऊस आला नाही. पहिल्या वर्षी धान अर्धं झालं, दुसऱ्या वर्षी बियाण्यापुरतं, तिसऱ्या वर्षी तेवढंही नाही. तलाव आटला. डोंगा चिखलात रुतला आणि चिखल वाळला तसा तिथंच अडकून बसला.

पण लाखोरी आली. ही लाखोरी मोठी चिवट. उभ्या धानात मूठमूठ फेकून द्यायची, नांगर नको, खत नको, पाणी नको. धान मेलं तरी ही खाली हिरवी. निळी निळी फुलं येतात, चपट्या शेंगा येतात, दाणा तिकोनी, दगडाच्या कपच्यासारखा. चांगल्या दिवसांत आम्ही तिची डाळ करतो, वडे करतो, पाला खुडून भाजी करतो. त्या वर्षी गावानं तिचंच सगळं केलं. सकाळी लाखोरी, दुपारी लाखोरी, संध्याकाळी लाखोरी.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. आम्ही भातखाऊ माणसं. भात शिजवायचा तो पातेल्यात, म्हणजे आमच्या गंजात, भरपूर पाण्यात, आणि ते पाणी निथळून, वेळून घ्यायचं. तीच पेज. मीठ टाकून ती प्यायची. लेकराला पेज, बाळंतिणीला पेज, तापकऱ्याला पेज. शेतावर जाताना गडवाभर, म्हणजे तांब्याभर, पेज प्यायली की दुपारपर्यंत माणूस उभा राहतो. पेज सांडली तर आमच्या म्हाताऱ्या तिथली जमीन कपाळाला लावायच्या. पेज फेकणारं घर सावरबोडीत जन्मलं नव्हतं. म्हणून तांदळाच्या जागी लाखोरी आली, तरी बायांनी तिलाही तसंच शिजवलं, तसंच वेळलं, आणि ते पिवळसर, तुरट पाणी पेज म्हणून सगळ्यांना पाजलं. उपाशी माणसाला तर तेच आधी पाजायचं.

माघात पहिला माणूस पडला. आडकूचा थोरला मुलगा. आडकू म्हणजे लटारूचा शेजारी, भिंतीला भिंत लागलेली. पोरगा चांगला अठरा वर्षांचा, झाडावर चढणारा. एका सकाळी उठला तर टाचा भुईला टेकेनात. चवड्यांवर चालायला लागला, गुडघे एकमेकांत अडकायला लागले. मग काठी आली, मग दोन काठ्या, मग तो हातांवर फरफटत चालू लागला. नंतर दुसऱ्या घरचा पडला, मग तिसऱ्या घरचा. ताप नाही, खोकला नाही, दुखणं नाही. नुसते पाय जायचे.

गावानं म्हटलं, मातामाय कोपली.

लटारूच्या घरी मात्र कोणी पडलं नाही. घरात दोनच माणसं, तो आणि त्याची बायको सरस्ता. सरस्तेला लाखोरीच्या पेजेची चव सोसायची नाही. घोट घेतला की तिला मळमळायचं. फेकायची तर सोय नाही, म्हणून ती सगळी पेज म्हशीपुढं ठेवायची. म्हणायची, "कारीच्या पोटात गेली तं वाया तं नाई गेली." कारी म्हणजे तिची म्हैस. होळीच्या आदल्या दिवशी कारी मागच्या पायांनी बसली ती उठलीच नाही.

लटारू तिच्याजवळ दिवसभर बसून राहिला. दाणा आम्ही खाल्ला, पाणी हिनं प्यायलं. गंज एक, चूल एक. आम्ही उभे आणि ही बसली. शाळा त्यानं पाहिलेली नव्हती, पण एवढा विचार त्यानं केला.

त्या वारा पडलेल्या दिवशी मातामायपुढं सगळं गाव जमलं होतं. उरकुडा पाटलानं ठरवलं होतं की प्रत्येक घरानं गंजभर पेज आणायची, मातेला दाखवायची आणि सगळ्यांनी तिथंच प्यायची. गंज मांडून झाले तेव्हा लटारू पुढं आला.

"पिऊ नका गा," तो म्हणाला. "दाना खा. पानी फेकून द्या. पाय या पान्यानं जाते."

आधी कोणाला समजलंच नाही. मग पाटील हसला. "लटारू, तलाव आटला तं आटला, तुही अक्कलबी आटली का?"

"माही म्हैस बसली पाटील. तिनं पानीच पेलं होतं."

"आयका! म्हशीचं मानसाले लावून राह्यला हा!"

एक म्हातारी कळवळून म्हणाली, "पेज फेकल्यावर त्या घरात सात पिढ्या धान शिजत नाई रे बापा. आधीच शिजाले काई नाई, आनखी कोनतं पाप करू आमी?"

लटारूनं गंजांकडं पाहिलं. आडकूची धाकटी लेक पुनी, सहासात वर्षांची, एका गंजापाशी बसून बोट बुडवून चाटत होती. मग तो म्हणाला, "तं फेकू नका. मले द्या. मी पितो. पेज वाया गेली नाई तं पाप कोनाले लागंल?"

यावर सगळे हसले. दुष्काळ होता बाबांनो. तेव्हा एखाद्यानं सतरा घरची पेज मागावी म्हणजे काय! पाटील म्हणाला, "वा रे भुकेल्या! बहाना लय झ्याक काढला. साऱ्या गावची पेज एकट्याले ढोसाची हाय याले." पोरंसोरं त्याला ‘पेजपोट्या’ म्हणायला लागली. पुढं कित्येक दिवस त्याला तेच नाव होतं.

फक्त आडकू हसला नाही. त्याचा एक मुलगा गेला होता पायांतून, आणि पुनीच तेवढी धावत होती. त्यानं आपला गंज उचलला आणि लटारूच्या हातात दिला. लटारूनं उभ्याउभ्यानं तो रिकामा केला. असं म्हणतात, तो पीत असताना झाडावरचे कावळेसुद्धा ओरडायचे थांबले होते.

चैत्र गेला. आणखी चार घरांतली माणसं बसली. पुनी धावतच होती. ते बायांनी पाहिलं. एक आली, पदराखाली गडवा झाकून. मग दुसरी आली. पाटलाच्या घरचा गंज शेवटी आला, पण तो सगळ्यात मोठा होता.

मग रोजचीच रीत झाली. सकाळी लटारू तलावाच्या पाळीवर, बांधावर, उभा राहायचा आणि सतरा घरांतून पेज यायची. असं म्हणतात, त्याच्या पोटात ती जाताना भरत्या तलावासारखा आवाज यायचा. असं म्हणतात, तो एकेक गडवा रिता करायचा तसं गावातल्या एकेका लेकराच्या पायांत बळ उतरायचं. जे आधीच बसले होते ते बसलेलेच राहिले, ते काही उठले नाहीत. पण त्यानंतर गावात नवा माणूस पडला नाही. एवढं सगळे सांगतात.

वैशाखात एके दिवशी पाळीवरच्या धुळीत लटारूच्या पावलांचे ठसे उमटले, त्यांत टाचा नव्हत्या.

ते ठसे सगळ्या गावानं पाहिले. पेज घेऊन येणारे त्यांच्यावरूनच तर यायचे. पाटलानंही पाहिले. आता कोणाला काही पटवायचं राहिलं नव्हतं. त्या दिवशी एकानं जरी आपला गंज मातीत ओतला असता तर बाकीच्यांनी ओतला असता. पण पेज फेकायची म्हणजे पाप, आणि समोर एक तोंड उघडं होतं. सतराच्या सतरा गंज आले.

सरस्तेनं त्या दिवशी त्याच्या हातातला गडवा धरला. "गावाले पाय पायजे, आमाले नको का?"

"सोड वं."

"तुमी नोका पिऊ आता. समजलं ना त्याइले. समजून बी आनतेतच. मानसं होत का कोन होत हे?"

"आज मी नाई म्हनलं तं ते फेकतीन का? सांग तू. वापस नेतीन आन पाजतीन लेकराइले."

ते खरं होतं. तिनं गडवा सोडला. असं म्हणतात, त्या दिवसापासून ती गावातल्या कोणाशी मरेपर्यंत एक शब्द बोलली नाही. लोकांनी तिला वेडी म्हटलं.

ज्येष्ठात लटारूला एक काठी लागली, मग दोन. मग तो पाळीवर बसून प्यायला लागला. डोंग्याच्या टोकावर उभा राहणारा तो माणूस, त्याला बसलेला पाहून म्हाताऱ्या बायांनी तोंडावर पदर घेतले, आणि पदराखालूनच गडवे पुढं केले.

पुढं पाऊस आला, तलाव भरला, धान झालं. डोंगा पाटलाच्या भाच्याला दिला, कारण बसका माणूस डोंगा काय चालवणार. हे रागानं कोणी केलं नाही. सगळे म्हणाले, बिचारा लटारू.

एकदा कॉलेजातली एक बाई गावात आली होती, लाखोरीचं काही शिकायला. तिनं सांगितलं की दाण्यात एक जिन्नस असते, ती माणसाच्या पायांच्या शिरा मारते. बरीचशी गरम पाण्यात उतरते, पण सगळीच उतरते असं नाही, म्हणून रोज तेच खाऊ नये. जे झाड पाण्यावाचून जगतं ते आपल्या पोटात काहीतरी कडक धरून ठेवतं, असं तिचं म्हणणं. मधे सरकारनं लाखोरी विकायला बंदीसुद्धा केली होती. मी त्या बाईला लटारूचं सांगितलं. तिनं वही मिटून ठेवली.

आजही सावरबोडीत लाखोरी शिजते. पहिली उकळी आली की पाणी वेळायचं आणि ते कोणी पीत नाही, ढोरांना घालत नाही. तलावाच्या पाळीवर एक बसका धोंडा आहे, शेंदूर लावलेला. घरची बाई ते पाणी घेऊन तिथं जाते, धोंड्यावर ओतते आणि म्हणते, "लटारूबाबा, घ्या, प्या." मग मागं न बघता घरी येते. नव्या सुनेला हे पहिल्या वर्षीच शिकवतात. आमच्या गावात मग कोणाचे पाय गेले नाहीत. पण माझा जीव तिथं घुटमळतो. एवढी वर्षं झाली, तरी आम्ही ते पाणी मातीत फेकायला शिकलो नाही. त्यालाच पाजतो.

जत्रेत ही गोष्ट गातात तेव्हा शेवटी सांगतात की लटारू पडला त्या दिवशी सारं गाव रडलं, त्याला खांद्यावर घेऊन मातामायपुढं नेलं आणि तिथं तो धोंडा झाला. ऐकायला बरं वाटतं. आमच्या घरात मात्र वेगळं सांगतात, आणि आडकू हा आमचाच मूळपुरुष, तेव्हा आमच्या घरचं खोटं नसावं. ते पुनीनं पाहिलं होतं, आणि तिनं ते आपल्या भावाच्या नातवंडांना सांगितलं.

मिरगाला दोन दिवस होते. सकाळची वेळ होती. लटारू पाळीवर येताना वाटेतच पडला होता, काठ्या दोन बाजूंना गेल्या होत्या. हातांत आता गडवाही धरवत नव्हता. त्या दिवशी पहिला आला तो आडकू, हातात गंज घेऊन, मागं पुनी धावत.

लटारू खालूनच म्हणाला, "आडकू, आता नाई होत गा. हातबी गेले वाटते."

आडकू गंज घेऊन उभा राहिला. त्यानं लटारूकडं पाहिलं, मग गंजातल्या पेजेकडं पाहिलं, मग पुनीकडं. गंज मात्र त्यानं खाली ठेवला नाही. आणि तो म्हणाला,

"असं काहून म्हनतं लटारूदादा? मंग उद्यापासून हे कोन पिईन?"