श्रीपतीच्या मीटरची रेघ

खरं तर ही गोष्ट मी कुणाला सांगायची नाही, असं मला आईने बजावून ठेवलंय. म्हणून गावाचं नाव सांगत नाही. आणि माणसांची नावं खरी आहेत का, तेही कुणी विचारू नये.

तर असंच एक गाव होतं आणि त्या गावात श्रीपती नावाचा एक भोळा माणूस राहत होता. भोळा म्हणजे विसराळू नव्हे. एकदा सांगितलेलं तो जन्मात विसरायचा नाही. फक्त ते कुठे वापरायचं, तेवढं त्याला कळायचं नाही.

श्रीपतीची बायको हौसा. ती दिवसभर श्रीपतीच्या मागोमाग फिरून बटणं बंद करायची. श्रीपती पंखा लावायचा आणि अंगणात जाऊन बसायचा. टीव्ही लावायचा आणि झोपायचा. गिझर लावायचा आणि गार पाण्याने अंघोळ करायचा. गरम पाणी अंगाला सोसत नाही म्हणायचा.

एक दिवस त्यांच्या घरी नवा स्मार्ट मीटर बसला. बसवणारा माणूस म्हणाला, “हा मीटर कोणत्या वेळी किती वीज जळली ते मोबाइलवर दाखवतो. दिवसा ऊन असतं, तेव्हा वीज स्वस्त. दिवेलागणीला सगळं गाव एकदम बटणं दाबतं, तेव्हा महाग. म्हणून विजेची कामं दिवसा करायची.”

श्रीपतीने मान डोलावली. पक्कं लक्षात ठेवलं.

हौसाने मोबाइलमध्ये ते अ‍ॅप घेतलं. त्यात एक रेघ दिसायची. वीज जास्त जळली की रेघ वर, कमी जळली की खाली. नेमके त्याच वेळी हौसाचे वडील लेकीला भेटायला आले. त्यांनी घर पाहिलं. पंखा रिकाम्या खाटेला वारा घालत होता. टीव्ही भिंतीशी बोलत होता.

“जावईबापू, हे कुणासाठी?”

“मामा, कुणी आलं तर असावं म्हणून.”

सासऱ्यांनी मोबाइलमधली रेघ पाहिली. संध्याकाळच्या जागी ती उभी चढली होती.

“ही रेघ आहे का गड आहे?” ते म्हणाले. “पोरगी दिवसभर बटणांमागे धावून अर्धी झाली! हौसा माझ्याबरोबर येतेय. तुमची संध्याकाळची रेघ खाली आली की मी स्वतः तिला आणून सोडतो. तोवर नाही.”

हौसा वडिलांबरोबर गेली. मोबाइलही तिच्याबरोबर गेला, कारण तो तिचाच होता. श्रीपतीला घर खायला उठलं. भाकरी गोड लागेना. त्याने ठरवलं, काही झालं तरी रेघ खाली आणायची आणि हौसाला परत आणायचं.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं. श्रीपती उठला. विजेची कामं दिवसा करायची होती. विजेचं काम म्हणजे दिवे लावणं, एवढं त्याला ठाऊक होतं. त्याने घरातले सगळे दिवे लावले. ट्यूब लावली. ओसरीवरचा बल्ब लावला. न्हाणीतला लावला. मग डोळ्यांवर हात धरून दिवसभर उजेडात बसला. संध्याकाळी सगळे दिवे मालवले आणि अंधारात जेवायला बसला. गूळ समजून त्याने मिरचीचा ठेचा खाल्ला. ओरडला, पण दिवा लावला नाही.

हौसाचा शेजाऱ्यांच्या फोनवर फोन आला.

“अहो, दिवसाची रेघ एवढी वर कशी?”

“दिवे लावले होते.”

“भर उन्हात?”

“तेव्हा स्वस्त असतात.”

“अहो, दिवसा उजेड फुकट असतो!”

“मग त्या मीटरवाल्याने तसं का नाही सांगितलं?”

हौसाने कपाळाला हात लावला. तो फोनवरही ऐकू आला. ती म्हणाली, “नीट ऐका. दिवे नाही लावायचे. संध्याकाळी जे काम करावं लागणार, ते दिवसाच उरकून टाकायचं.”

श्रीपतीने मान डोलावली. पक्कं लक्षात ठेवलं.

आता, श्रीपतीला संध्याकाळी एकच काम असायचं. गावच्या मारुतीच्या देवळात विजेवर चालणारा नगारा होता. बटण दाबलं की नगारा, झांज आणि घंटा आपोआप वाजायच्या. संध्याकाळच्या आरतीला ते बटण दाबायचा मान श्रीपतीचा होता. तो भर दुपारी देवळात गेला आणि बटण दाबलं.

धडाम्‌ धडाम्‌! ठण्ण ठण्ण!

गाव दचकलं. कुणी म्हणालं आग लागली, कुणी म्हणालं वाघ आला. बायका पिठाच्या हातांनी धावल्या. न्हाव्याकडे बसलेला एकजण अर्धी दाढी घेऊन आला. शाळेतली पोरं प्रसाद मिळणार म्हणून ओळीने बसली. देवळाचे पुजारी नामाप्पा गुरव आत घोरत होते. ते उठले आणि धोतर सावरत बाहेर आले.

“श्रीपती, अरे, देव आत्ताच जेवून आडवा झालाय!”

“मग बरं झालं, आप्पा. जागाच असेल. आरती उरकून घ्या, संध्याकाळी महाग पडते.”

ही बातमी हौसाला कळायला वेळ लागला नाही. तिचा फोन आला.

“अहो, देवळात कुणाला बोलावलंत?”

“कुणाला नाही. सगळे आपणहून आले.”

“हे बघा,” हौसा दम खात म्हणाली, “माणसांसाठी जे असतं, ते माणसं जमायच्या वेळेलाच लावायचं. रिकाम्या जागी चालू ठेवायचं नाही. जिथं माणूस नाही, तिथलं बटण बंद. कळलं?”

श्रीपतीने मान डोलावली. पक्कं लक्षात ठेवलं.

शेजारी रंगनाथअण्णांचं कुल्फीचं दुकान होतं. अण्णा एका लग्नाला निघाले. श्रीपतीला म्हणाले, “दुकानात जरा बस. येतोच मी.” श्रीपती बसला. कोपऱ्यात कुल्फीचा फ्रीजर घुर्रर्र करत होता. श्रीपतीने त्याचं झाकण उघडलं आणि आत डोकावला.

“कोण आहे का आत?”

कुणी ओ दिली नाही. त्याने पुन्हा विचारलं. तरी नाही. मग तो म्हणाला, “एवढा गारवा, आणि माणूस एक नाही!” आणि त्याने बटण बंद केलं.

लग्नात जिलेबीचा आग्रह झाला, म्हणून अण्णांना यायला उशीर झाला. ते आले तेव्हा दुकानातून पायरीवर पिवळा ओघळ येत होता. आंब्याच्या कुल्फीचा. मागोमाग हिरवा आला. तो पिस्त्याचा. आळीतली पोरं पेले घेऊन आली होती आणि श्रीपती कुणाला कमी पडू नये म्हणून पळीने वाढत होता.

“माझी कुल्फी!” अण्णा मटकन खाली बसले.

“अण्णा, मी दोनदा हाक मारली होती,” श्रीपती म्हणाला. “घ्या, तुम्हीपण घ्या. वेलदोडा छान लागतोय.”

या खेपेला अण्णांनीच हौसाला फोन लावला आणि श्रीपतीच्या कानाला धरला. कानही धरला.

“अहो, आपल्या मनाने कुणाचं बटण बंद करायचं नसतं!” हौसा ओरडली. “ज्याची वस्तू असेल, त्याला आधी विचारायचं. तो हो म्हणाला की मगच हात लावायचा.”

श्रीपतीने मान डोलावली. कान अण्णांच्या हातात होता, म्हणून जरा बेतानेच डोलावली. पण पक्कं लक्षात ठेवलं.

पुढच्या दिवशी तो देवळावरून चालला होता. देवळाच्या टाकीवर मोटर चालू होती. टाकी भरून पाणी खाली कोसळत होतं. बटण श्रीपतीच्या हाताशी होतं. त्याने हात उचलला. मग थांबला. विचार केला, ही टाकी कुणाची? देवळाची. देऊळ कुणाचं? मारुतीचं.

श्रीपती गाभाऱ्यात गेला. त्या गावात देवाला काही विचारायचं असेल तर कौल लावतात. देवाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक फूल चिकटवायचं आणि हात जोडून बसायचं. उजवं फूल आधी पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. श्रीपतीने दोन फुलं लावली. “मारुतीराया, मोटर बंद करू का?”

शेंदूर ताजा होता. फुलं घट्ट बसली. कुठलंच पडेना.

पाणी अंगणात आलं. पायऱ्या चढलं. भक्तांच्या चपला तरंगत नामाप्पांच्या घराकडे निघाल्या. नामाप्पा पाण्यातून फताक फताक करत धावत आले.

“अरे, बटण दाब! बटण दाब!”

“आप्पा, जरा गप्प बसा. देव विचार करतोय.”

नामाप्पांनी स्वतः बटण दाबलं आणि येताना घसरून पाण्यात बसले. त्यांच्या धक्क्याने गाभारा हलला असावा, कारण उजवं फूल टपकन पडलं.

“हां,” श्रीपती म्हणाला. “आता दाबा.”

हौसाचा फोन आला. ती अगदी थकलेल्या आवाजात म्हणाली, “आता एकच करा. गावात कशालाही हात लावू नका. पाणी, इस्त्री, दळण दिवसा. आणि दिवेलागण झाली की आपल्या घरात नवीन काही सुरू होऊ द्यायचं नाही. एक दिवा पुरे. कुणी काही म्हणालं तर सांगायचं, सकाळी ऊन वर आल्यावर या. एवढं जमलं तर मी येते.”

“नक्की येशील?”

“येते म्हटलं ना.”

श्रीपतीने मान डोलावली. पक्कं लक्षात ठेवलं.

आणि काय आश्चर्य, या खेपेला जमलं! तो सकाळी उन्हात पाणी भरू लागला. दुपारी सदऱ्याला इस्त्री करू लागला. संध्याकाळी एका दिव्याखाली गुपचूप जेवून आवरू लागला. नामाप्पा मोबाइल चार्ज करायला आले. श्रीपती म्हणाला, “सकाळी ऊन वर आल्यावर या.” अण्णा मिक्सरवर चटणी वाटून मागायला आले. “सकाळी ऊन वर आल्यावर या.” गाव हसायचं. पण तिकडे मोबाइलमध्ये रेघ खाली सरकत होती. सासरे रोज चष्मा लावून बघायचे. एक दिवस त्यांनी मांडीवर थाप मारली.

“हौसा, आवर! जावईबापू शहाणे झाले!”

ते दोघं निघाले. वडापच्या जीपने निघाले, आणि जीप भरल्याशिवाय सुटत नाही, त्यामुळे पोचेपर्यंत दिवेलागण झाली. हौसाच्या एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा. तिने दार वाजवलं.

श्रीपतीने खिडकीतून पाहिलं. “हौसे!” तो आनंदाने उडालाच. धावत दाराशी आला. कडीला हात घातला. आणि तिथेच थांबला.

“अहो, उघडा की!”

“उघडू कसं? दिवेलागण झाली.”

“बरं मग?”

“तू आलीस की माजघरात दिवा लागेल. मग पंखा. मग मिक्सर. नवीन काही सुरू होऊ द्यायचं नाही. सकाळी ऊन वर आल्यावर ये.”

“अहो, मी बायको आहे तुमची!”

“म्हणून तर. तुझं नाही ऐकायचं तर कुणाचं ऐकायचं?”

“जावईबापू,” सासरे गरजले, “कडी काढा!”

“मामा, तुम्हीपण सकाळीच.”

पलीकडच्या ओट्यावरून रंगनाथअण्णा म्हणाले, “घेऊन जा हो लेकीला परत! आमच्याकडे बायको सध्या महाग आहे!” आळी खदखदा हसली. सासऱ्यांचे कान लाल झाले. जीप अजून वळतच होती. ते तरातरा गेले आणि जीपमध्ये चढले. हौसा डोळे पुसत चढली.

हौसा पुन्हा चालली, हे श्रीपतीने पाहिलं. त्याने घरातला एकुलता एक दिवा मालवला, दाराला कुलूप लावलं आणि धावत येऊन जीपमध्ये हौसाशेजारी बसला.

“तुम्ही कुठं?” सासऱ्यांनी विचारलं.

“मी घरात असलो की एक दिवा लागतोच. नसलो तर तोही नाही.”

सासरे वाटभर बाहेर बघत राहिले.

सासुरवाडीला पोचल्यावर हौसा भाकरी टाकायला आत गेली. सासरे खुर्चीत बसले, डोळे मिटले. श्रीपतीने अदबीने विचारलं, “मामा, लावू का?”

“लावा, लावा,” सासरे डोळे न उघडता म्हणाले. त्यांना वाटलं, दिवा.

श्रीपतीने दिवा लावला. मग दुसरा लावला. मग सगळ्या खोल्यांतले लावले. पंखे लावले. टीव्ही लावला. कूलर लावला. गिझर लावला. इस्त्री तापत ठेवली. पाण्याची मोटर सुरू केली. शेजारीण दारात येऊन विचारू लागली, “पाव्हणं, कुणाचा साखरपुडा हाय का?”

सासरे ताडकन उठले. त्यांच्याही दाराला स्मार्ट मीटरच होता.

“जावईबापू! हे काय? आत्ता महागाची वेळ आहे!”

“ठाऊक आहे की, मामा. म्हणून तर आपल्या घरात काही लावलं नाही.” श्रीपतीने हौसाचा मोबाइल त्यांच्यापुढे धरला. “इथं माणसं आहेत. तुम्हाला आधी विचारलंय. आणि माझी रेघ बघा, जमिनीला टेकलीय! तुमची अट पुरी झाली, हौसा माझी झाली. आता आम्ही दोघं रोज दिवेलागणीला इथंच येत जाऊ.”

सासरे एकदा रेघेकडे बघू लागले, एकदा गरगरणाऱ्या पंख्यांकडे. हौसा भाकरीच्या हातानेच बाहेर आली आणि हसता हसता भिंतीला टेकली. मग सासऱ्यांनी चष्मा काढला, श्रीपतीच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते म्हणाले, “जावईबापू, तुम्ही आता—

अगंबाई, आईची हाक! आले गं आई, आले!