काशाची छिन्नी

फार फार मागं, आपल्या पणज्यांचे पणजे रांगत होते तेव्हा, एका डोंगरी राज्यात दारूचं एक कोठार होतं. पिण्याची दारू नव्हे बरं, तोफेची. काळी, भुरभुरीत, एका ठिणगीची वाट बघत पडलेली.

कोठाराचा राखणदार म्हातारा होता आणि त्याचा नेम कडक होता. आत जाणाऱ्यानं अंगावरचं लोखंड उंबऱ्याबाहेर ठेवायचं. खिळ्यांच्या वहाणा नकोत, किल्ल्या नकोत, चाकू नको. पिंपांची झाकणं उघडायची हत्यारंसुद्धा लोखंडाची नव्हती. तांब्यात कथील मिसळून ओतलेल्या काशाची होती. लोखंड दगडावर आपटलं की ठिणगी उडते, काशाची उडत नाही, म्हणून.

पण काशाची एक खोड आहे. ते मऊ, त्याची धार लवकर जाते. ती धार लावायला कोठाराजवळ एक वेगळा दगड होता. त्या दगडाला लोखंड कधी टेकवायचं नाही, आणि काशाचं हत्यार दुसऱ्या दगडावर न्यायचं नाही. पाणी शिंपडत हातानं घासायचं, हळूहळू. एका छिन्नीला अर्धा दिवस जाई.

म्हाताऱ्याला एकच लेक होती, साळू. ती कोठारात बसून हाडाच्या सुईनं दारूच्या थैल्या शिवायची. तिचा नवरा घरजावई होऊन आला होता आणि पिंपं उघडायचं काम करायचा. हाताचा चलाख, पण धीर कमी.

"मामा," तो म्हणायचा, "तुमचा हा दगड म्हणजे गोगलगाय हो! एवढ्या वेळात नवी छिन्नी ओतून होईल."

म्हाताऱ्याला वाटायचं, सांगावं याला समजावून. पण जावयाला शिकवायला जावं आणि तो रुसून बसावा, मग लेकीला जाच. म्हणून तो एवढंच म्हणायचा, "नेम आहे, जावईबापू." नेम का आहे, ते त्यानं कधी सांगितलंच नाही.

एकदा राजाचा हुकूम आला. दारूला ओल लागली आहे का ते बघा, सगळी पिंपं आजच्या आज उघडा. जावई कामाला लागला, साळू आत थैल्या शिवत बसली, आणि म्हातारा जरा सुपारी आणायला बाजारात गेला. परतताना वाटेत लोहारानं हाक मारली.

"काय बाबा, जावई पाणीदार मिळवलात! सकाळी माझ्या चाकावर छिन्नीला धार लावून गेला. चार फेऱ्यांत वस्तरा! आणि तुम्ही बसता घासत, चंदन उगाळल्यासारखे."

म्हाताऱ्याच्या हातातली सुपारी गळून पडली.

लोहाराचं चाक दिवसभर लोखंड खातं. त्याच्या अंगात लोखंडाचा चुरा भरलेला असतो. मऊ काशानं तो चुरा पोटात घेतला असणार. छिन्नी दिसायला तशीच पिवळी, पण धारेत लोखंडाचे बारीक दात.

म्हातारा धावत सुटला. कोठाराच्या दाराशी आला, तर आतून आवाज येत होता. टक्. टक्. टक्. मधूनच साळूचं हसू.

त्याचं पाऊल उंबऱ्यावर पडणार, तेवढ्यात तो थबकला. पायांत खिळ्यांच्या वहाणा. कमरेच्या बटव्यात अडकित्ता. ओरडावं, तर दचकून जावयाचा हात घसरेल. बटव्याची गाठ सुटेना. आत टक् टक् चालूच होतं. वहाणा काढल्या, बटवा खाली ठेवला आणि तो अनवाणी आत गेला.

जावई झाकणाच्या फटीत छिन्नी घालून ठोकत होता.

म्हातारा अगदी हळू म्हणाला, "जावईबापू, हात जरा थांबवा."

"आलात मामा? बघा, बारा पिंपं झाली!" जावई वळला, आणि छिन्नी हातातून निसटली. खाली कातडं अंथरलेलं होतं, पण ती कातड्याच्या कडेला, उघड्या फरशीवर पडली. खण्ण!

म्हाताऱ्यानं डोळे मिटले.

काही झालं नाही.

त्यानं छिन्नी ओल्या फडक्यात गुंडाळली. दोघांना घेऊन तो दूर माळावर गेला. फरशीच्या एका तुकड्यावर चिमूटभर दारू ठेवली, छिन्नी पुसून कोरडी केली आणि जावयाच्या हातात दिली. "मारा. दारूच्या शेजारी, दगडावर."

जावयानं मारली. काही नाही. पुन्हा मारली. काही नाही. असे दहा घाव झाले.

"अगं साळू," जावई हसला, "तुझ्या बाबांना पिवळ्या छिन्नीत भूत दिसतंय!"

"अजून एकदा," म्हातारा म्हणाला.

अकरावा घाव बसला. एक लाल ठिपका उडाला, मोहरीएवढा. आणि भस्सकन जाळ उठला. जावयाच्या भुवया करपल्या.

जावई काळ्या पडलेल्या दगडाकडे बघत राहिला. "मामा, आत मी बारा पिंपांना किती घाव..." तो मनात मोजू लागला, आणि मध्येच थांबला. तो मटकन खाली बसला. साळूनं त्याची बाही घट्ट धरून ठेवली.

"चुकलो मीही," म्हातारा म्हणाला. "का ते सांगितलं नाही. तुमचा मान सांभाळता सांभाळता तुम्हां दोघांना गमावून बसलो असतो."

भुवया पुन्हा उगवल्या. पण जावयाची भीती काही गेली नाही. दारावर कुणी टकटक केली, तरी तो जन्मभर दचकायचा. आणि कोठारात कुणी नवा माणूस आला की जावई त्याला आधी माळावर न्यायचा, सगळं समजावून सांगायचा, मगच आत घ्यायचा.

म्हणून ध्यानात ठेवा, नेम सांगणाऱ्यानं त्याचं कारणही सांगावं, आणि दहादा काही झालं नाही म्हणून कुणी अकराव्या वेळेवर भरवसा ठेवू नये.